घरचं शून्य

“अकरा,” तो यंत्राच्या पडद्याकडे बघून म्हणाला. पडद्याने वाद घातला नाही. पडद्यावर अकराच होते.

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आकडा पटला नाही की माणूस आधी चष्म्यावर संशय घेतो. चष्मा निर्दोष सुटला. अकरा.

अणुइंधनाच्या कारखान्यात आत काम करणाऱ्यांच्या पोटात प्लुटोनियम गेलंय का, हे कळण्याचा एक खात्रीचा मार्ग आहे आणि तो चारचौघांत सांगण्यासारखा नाही. दर तीन महिन्यांनी प्रत्येकाने एका अख्ख्या दिवसाची लघवी बाटलीत भरून आणायची. या बाटल्या त्याच्या टेबलावर येत. तो त्यात आम्ल घाली, आटवी, नळीतून थेंबथेंब गाळी आणि शेवटी उरलेलं, डोळ्याला न दिसणारं काहीतरी नाण्याएवढ्या पोलादी चकतीवर चढवी. मग यंत्र पूर्ण एक दिवस त्या चकतीकडे टक लावून बसे. प्लुटोनियमचा एकेक कण फुटला की एकेक ठिपका उमटे. कारखान्यात त्याला सगळे थेंबेकाका म्हणत. खरं आडनाव फक्त पगाराच्या यादीला ठाऊक होतं.

पण शून्य कसं दिसतं, हे यंत्रालाही शिकवावं लागतं. त्यासाठी दर महिन्याला एक बाटली अशा माणसाची लागते, ज्याने कारखान्याचं फाटकही ओलांडलेलं नाही. तिला म्हणतात ब्लँक. नोकरीच्या पहिल्या महिन्यात तेव्हाच्या साहेबांनी विचारलं होतं, “कोण आणेल?” सगळे छताकडे बघू लागले. याचं नुकतंच लग्न झालं होतं आणि बायकोचा फार अभिमान वाटत होता. त्याने हात वर केला.

“लोक घरून डबा नेतात,” बायको म्हणाली होती, “आणि तुम्ही हे नेणार?”

नेलं. सव्वीस वर्षं नेलं. आत काम करणारा प्रत्येक माणूस स्वच्छ की अस्वच्छ, हे तिच्याशी ताडून ठरे. तिचा आकडा शून्य. फार तर कधी एक. आणि आजची ती अकरा ठिपक्यांची चकती तिची होती.

“काका, रिपोर्ट?” साहेबांनी दारातून विचारलं. हे साहेब त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होते आणि घाईत जन्मले होते.

“यंत्र जरा रुसलंय, साहेब. दोन-तीन दिवस द्या.”

“बारा लोकांचे निकाल अडलेत.”

“अडू द्या. चुकण्यापेक्षा बरे.”

हे वाक्य त्याने शहाण्यासारखं म्हटलं आणि पडदा बंद केला.

बाटलीत निम्मं शिल्लक होतं. त्याने पहिल्यापासून सगळं पुन्हा केलं. त्याच भांड्यांतून नुसतं शुद्ध पाणीही त्याच वाटेने नेलं. तिसऱ्या दिवशी पाण्याची चकती शून्य आली, बायकोची नऊ. म्हणजे भांडी स्वच्छ, रसायनं स्वच्छ, यंत्र शहाणं. संशयित एकच उरला, आणि तो पडद्याच्या काळ्या काचेत त्याच्याकडेच बघत होता.

दोन महिन्यांपूर्वी त्याच्या हातमोज्याला टाचणीएवढं भोक पडलं होतं. हात तपासले, काही निघालं नाही. सगळ्यांनी हसण्यावारी नेलं, यानेही. तो घरी गेला होता, जेवला होता, तिच्या उशीवर डोकं ठेवून वर्तमानपत्र वाचलं होतं. तिची उशी जास्त मऊ होती.

त्या संध्याकाळी तो खिशात गाळणकागदाच्या चकत्या घालून घरी आला. ती स्वयंपाकघरात आहे असं बघून त्याने एकेक कागद उंबऱ्यावर फिरवला, कपाटाच्या मुठीवर, आपल्या सदऱ्याच्या कॉलरवर. तिची उशी पुसत असताना मागून आवाज आला.

“काय चाललंय?”

“धूळ.”

“सव्वीस वर्षांत पहिल्यांदा दिसली?”

तो हसला. हसणं जमलं नाही. चेहऱ्याने नुसती कवायत केली. जेवताना ती वाढत होती आणि तो तिची बोटं बघत होता. ती बारीक झाली होती. कधी झाली? हजार माणसांचे पोटातले आकडे त्याला तोंडपाठ होते आणि बायकोचं मनगट केव्हा बारीक झालं याची नोंद नव्हती. हातातला घास त्याने पानात परत ठेवला.

“मीठ कमी आहे का?”

“नाही गं.”

“मग असे फाशी दिल्यासारखे काय बसलाय?”

दुसऱ्या दिवसभर यंत्राने ते कागद मोजले. सगळे शून्य. घर स्वच्छ होतं. याने धीर यायला हवा होता. पण घरात नाही आणि तिच्यात आहे, म्हणजे जे काही होतं ते आत जाऊन बसलं होतं, हाडांत. ते हाडातच बसतं, हे त्याला पंचवीस प्रशिक्षणवर्गांत शिकवलं होतं. चार वर्गांत तर त्यानेच शिकवलं होतं.

घरी येऊन तो बूट न काढता खुर्चीवर बसला.

“अगं, इकडे ये. तुझ्या बाटलीत अकरा आले.”

“अकरा काय?”

“पुन्हा केलं तर नऊ. माझ्याकडूनच आलं असणार, दुसरं कोण आहे? मीच घरी आणलं, अंगावरून. मी तुला…”

ती पदराशी चाळा करत म्हणाली, “ते माझं नव्हतंच.”

“काय?”

“तुमचं होतं. तुमचीही बाटली होती ना या खेपेला, मोरीत, शेजारी ठेवलेली? त्यातलंच ओतलं माझ्या बाटलीत.”

त्याची बाटली शेजारच्या खोलीतल्या मॅडमकडे जाई. स्वतःची स्वतः तपासायची नाही, असा नियम होता. मॅडमचा निकाल अजून यायचा होता. म्हणजे हातमोज्याचं भोक खरं होतं. पण जे होतं ते त्याच्या एकट्याच्या पोटात होतं! पोटात प्लुटोनियम सापडलं म्हणून आनंदाने खुर्चीतून उठलेला जगातला तो पहिलाच माणूस असावा. अकरा म्हणजे तसे थोडकेच. डॉक्टर वर्षभर लक्ष ठेवतील, वही भरतील.

“वेडे, मग आधी सांगायचं नाही? पाच दिवस जीव टांगणीला लावलास! आणि माझं कशाला ओतलंस? आळस?”

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“अगं?”

“माझं लाल होतं,” ती म्हणाली.

बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू होऊन निघून गेली.

“कधीपासून?”

“मागच्या महिन्यात पाणी पिऊन निभावलं. या महिन्यात नाही निभावलं.”

“आणि मला…”

“तुम्हाला काय सांगणार? सव्वीस वर्षं ऐकतेय, सगळ्यांत स्वच्छ तुझं. आणि सांगितलं असतं तर तुम्ही हेच म्हणाला असता, मीच आणलं म्हणून. बूट न काढता बसला असता.”

त्याने खाली बघितलं आणि बूट काढले.

त्याने काही आणलं नव्हतं. तिच्या नावापुढची तीनशेहून जास्त शून्यं साक्षीला होती. मग हे कुठून आलं, ते सांगणारं यंत्र मात्र त्याच्या खोलीत नव्हतं.

सकाळी त्याने साहेबांपुढे कागद ठेवला: ब्लँक बाद, नमुना चुकीच्या व्यक्तीचा.

“चुकीच्या म्हणजे कुणाच्या?”

“माझ्या. नवीन ब्लँक शोधा. आणि मला आज रजा हवी.”

“काका, तुम्ही आणि रजा? कारण काय लिहू?”

“घरचं.”

रुग्णालयात तिचा क्रमांक पुकारला, तेव्हा तिने पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली आणि एकटीच आत गेली. दार पूर्ण लागलं नाही. फटीतून डॉक्टरीणबाईंचा आवाज येत होता, आणि त्यामागून तिचा. कधीपासून, किती वेळा, कुठे दुखतं, रात्री झोप लागते का. ती एकेक उत्तर नीट, न अडखळता देत होती. त्याला यातलं एकही ठाऊक नव्हतं. त्याने कान दिले असते तर सगळं कळलं असतं, पण ते तिने त्याला सांगितलेलं नव्हतं.

तो उठला, पिशवी काखेत धरली आणि आवाज होऊ न देता दार ओढून घेतलं.