धुण्याच्या दगडाचा कोपरा

मी एक जुना हातोडा आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तूंना बहुधा कौतुक हवे असते. मला मात्र एका चुकीची कबुली द्यायची आहे.

इगतपुरीच्या एका लोहाराने मला घडवले. माझे आताचे मालक शेखरराव, त्यांचे वडील रेल्वेत होते. रुळांखालची खडी फोडताना मी त्यांच्या हातात असे. "हा एका घावात काम करतो," असे ते सर्वांना सांगत आणि मी फुगून जाई. ते गेले आणि मी शेखररावांच्या नाशिक रोडच्या फ्लॅटमध्ये माळ्यावर गंजत पडलो.

गेल्या वर्षी शेखरराव निवृत्त झाले आणि त्यांना खडक ओळखण्याचा नाद लागला. लाव्हा थंड होऊन बेसाल्टसारखा अग्निजन्य खडक बनतो, हे त्यांनी पाठ केले होते. पण डोंगरावर गेले की एकही दगड ओळखता येईना. "वरचा रंग फसवा असतो, ताजा तुकडा बघा," असे त्यांना शिकवणाऱ्या मनीषाताई म्हणत. त्यासाठी मला माळ्यावरून काढले. मला फार आनंद झाला.

मार्चमध्ये आम्ही सायखेड्याला शेखररावांच्या काकूंकडे, सिंधुबाईंकडे गेलो. दुपारी शेखरराव एकटेच गोदावरीच्या काठावर उतरले. सगळीकडे काळी माती आणि मध्येच एक गुळगुळीत दगड. त्यांनी मला उचलले. एका घावात कोपरा उडाला. आत काळाभोर, बारीक दाणा आणि पांढरे ठिपके. "बेसाल्टच आहे," ते पुटपुटले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खडक ओळखला होता. मातीच्या काठावर हा एकच दगड आला कुठून, हा प्रश्न आम्हा दोघांनाही पडला नाही.

संध्याकाळी सिंधुबाई धुणे घेऊन गेल्या आणि तळहाताला फडके गुंडाळून परत आल्या. तो त्यांचा धुण्याचा दगड होता. विहीर खणताना निघालेला तो दगड त्यांच्या नवऱ्याने बैलगाडीतून तिथे आणून टाकला होता. चाळीस वर्षे धुणे धुऊन तो गुळगुळीत झाला होता. मी मारलेल्या घावाची कड विळ्यासारखी धारदार होती.

"कशानं लागलं, काकू?"

"दगड तडकलाय. उन्हानं तडकला असंल."

शेखररावांनी मान खाली घातली. तुकडा त्यांच्या खिशात होता, मी पिशवीत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

तुकडा चिठ्ठी लावून कपाटात गेला, पण शेखरराव त्याच्याकडे बघत नसत. महिन्याभराने एका रविवारी डोंगर सोडून ते मला घेऊन सायखेड्याला गेले.

"काकू, दगड मी फोडला."

"मला माहीत हाय," सिंधुबाई म्हणाल्या. "उन्हानं तडकला असता तर तुकडा तिथंच पडला असता. तू कधी सांगतो, तेच बघत व्हते."

दगड वाचायला त्यांना कुणीही शिकवले नव्हते. शेखरराव म्हणाले, "मी कड घासून देतो."

"घास. पण तो हातोडा आधी गाडीत ठेव."

दोन तास घासूनही धार थोडीच गेली. मित्रांनो, दगड फोडण्याआधी तो कुणाच्या उपयोगाचा आहे का, हे विचारा. आणि चूक झालीच, तर त्याच दिवशी सांगा. आम्ही महिनाभर गप्प राहिलो, आणि तो महिनाभर सिंधुबाई त्याच दगडावर, हात जपत, धुणे धूत होत्या.