मालनचं शून्य

दिंडोशीतल्या त्या सोसायटीच्या गेटवरची पेटी दशरथ परबानेच बनवलेली. कार्ड टेकवलं की आतल्या इवल्याशा चिपला कार्डाचे चार बाइट, म्हणजे चार छोटे आकडे, मिळायचे. प्रवेश असलेल्यांच्या यादीतला नंबर मात्र आठ अक्षरी, आकडे नि A ते F मिळून. चिप त्याच्या दोन-दोनच्या जोड्या लावायची, एका जोडीचा एक बाइट करायची आणि कार्डाशी ताडून बघायची. जुळलं की हिरवा दिवा.

सगळ्यांना हिरवा, नवीन कार्ड घेतलेल्या, धुणीभांडी करणाऱ्या मालनला लाल. सेक्रेटरी गुप्त्यांनी निकालच लावला, कार्ड खोटं आहे म्हणून. मशीन खोटं बोलत नाही, असंही वर ऐकवलं. गेटबाहेरच्या फळ्यावर तिचं नाव लिहिलं. रविवारच्या मीटिंगपर्यंत मागच्या गेटने, वहीत अंगठा देऊन यायचं. मग प्रवेशच बंद. म्हणजे सहा घरांची कामं गेली.

"मी चोरासारखी मागनं येणार नाही," मालन म्हणाली, आणि वॉचमनच्या शेजारी स्टूल टाकून बसली. तीन दिवस. वर सहा घरांत भांड्यांचे डोंगर.

शनिवारी दशरथने यादी उघडली. मालनच्या कार्डावर 04127356, यादीत 4127356. गुप्त्यांनी यादी स्वतः एक्सेलमध्ये टाइप केलेली, त्याचं कौतुकही बिल्डिंगभर सांगितलेलं. बाकीच्यांच्या नंबरात कुठेतरी A नाहीतर F होता, ते एक्सेलने शब्द समजून जसेच्या तसे ठेवले, म्हणून वाचले. मालनचे नुसते आकडे, एक्सेलने ती साधी संख्या समजून सुरुवातीचं शून्य गिळलं. मग पहिली जोडी 04 ऐवजी 41, पुढच्या सगळ्या सरकल्या आणि शेवटचा सहा एकटाच उरला. दशरथने स्वतःच्याही डोक्यात टपली मारली. अक्षरं आठ आहेत का, हे मोजायला त्याने चिपला शिकवलंच नव्हतं.

शून्य टाकून गप घरी जाता आलं असतं. पण मग तो दशरथ कसला. मालनला शून्य दिलं आणि त्याच हाताने गुप्त्यांच्या नंबरातलं पहिलं अक्षर उडवलं.

रविवारी गुप्ते मटणाची पिशवी घेऊन आले. लाल. कार्ड शर्टाला पुसलं. लाल. आत कमिटी जमलेली. मालन उठली, कार्ड टेकवलं, हिरवा. गुप्ते तिच्यामागून घुसायला गेले तर वॉचमन आडवा. एका कार्डावर एकच माणूस, नियम त्यांचाच.

"साहेब, मशीन खोटं बोलत नाही," दशरथ म्हणाला, आणि सगळ्यांसमोर यादी दाखवली.

"हे तू मुद्दाम केलंस."

"तुमचं मी मुद्दाम केलं. तिचं तुम्ही न बघता केलंत. न मोजल्याची चूक माझी, ती आज दुरुस्त करतो."

गुप्त्यांनी मालनकडे बघितलं. ती गेटच्या आत, कमरेवर हात ठेवून.

"मागं वही आहे साहेब. नाहीतर आधी फळ्यावरचं माझं नाव पुसा, मग दशरथभाऊ तुमचं अक्षर देतील."

फडकं कोणी दिलं नाही. गुप्त्यांनी पिशवी वॉचमनच्या हातात दिली आणि खिशातला इस्त्रीचा रुमाल काढला.