उजव्या कानाची बंदूक

हिल्मर ग्रोटेचा डावा कान नेमका कधी गेला, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. उजवा जायला लागलाय हे मात्र गावाला एका संध्याकाळीच कळलं. शुक्रवारच्या डॉमिनोच्या डावात, जिथे किती गुण करणार याची आधी बोली लावायची, समोरच्याने बोली लावली बत्तीस. हिल्मरने ऐकली छत्तीस, आणि ऐटीत "सदतीस" म्हणून मोकळा झाला. तेवढे गुण कुठले व्हायला! डाव बुडालाच, वर पुढच्या शुक्रवारी कुणीतरी बोली लिहायला पाटी आणून ठेवली. हिल्मर खुर्ची सरकवून उठला आणि तडक घरी आला.

"पाटीवर खेळायला मी काय बालवाडीत आहे?" त्याने मुलीला विचारलं.

मेरिडिथ पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. मोजल्याशिवाय ती कशावरच विश्वास ठेवत नसे. तिने बापाला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. उजव्या खांद्याला बंदूक लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, म्हणून तो आधी जातो, असं बाईंनी समजावलं. उजवा डोक्याच्या आडोशाने वाचतो, पण किती दिवस?

"उरलेला राखायचा असेल तर बंदूक सोडा," बाई म्हणाल्या.

"ते डुकरांना सांगा," हिल्मर म्हणाला.

त्याचंही खोटं नव्हतं. ओढ्याकाठची पेकानची, म्हणजे अक्रोडासारख्या फळांची, बाग रानडुकरांनी नांगरल्यासारखी उकरून ठेवली होती. कान झाकणारे मफ त्याने एक दिवस लावून पाहिले, बॅटरीवालेसुद्धा. त्यांत नुसती वाऱ्याची घरघर. ते त्याने गोठ्याच्या खुंटीला टांगून टाकले.

शनिवारी मेरिडिथने त्याला प्रुइटच्या बंदुकीच्या दुकानात आणलं. प्रुइट हिल्मरच्या शाळेतला, जिभेला हाड नसलेला.

"सायलेन्सर?" तो म्हणाला. "तुला कशाला रे? तुला तसंही काही ऐकू येत नाही."

"ट्रॅक्टरचा असतो तसलाच का?" हिल्मरने टोला परतवला. "तुझ्या तोंडाला बसणारा असला तर दोन दे."

हिल्मरने आपल्या वडिलांची जुनी रायफल सोबत आणली होती. सायलेन्सर फिरवून बसवायला तिच्याच तोंडाला आटे पाडून घ्यावेत, असा त्याचा हिशेब. प्रुइटने नळीत एक सरळ सळई घातली आणि मान हलवली. भोक नळीच्या मधोमध नव्हतंच, केसभर एका बाजूला होतं. आटे बाहेरच्या अंगाला धरून पाडले, तर सायलेन्सर किंचित तिरका बसणार आणि गोळी आतल्या पडद्यांना घासणार. मेरिडिथने सळई स्वतः फिरवून पाहिली. दोनदा.

मग नव्या रायफली निघाल्या. पहिली आपोआप भरणारी. हिल्मरला ती आवडली, पण मेरिडिथ म्हणाली, "नको डॅडी. गोळी सुटली की हिचं यंत्र उघडतं, आणि ते नेमकं तुमच्या उजव्या कानापाशी. पुढून दाबलेला आवाज बाजूने निसटणार." दुसरी आखूड नळीची, दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची. गोळी गेल्यावरही बंद ती बंदच. तीच ठरली.

दुकानामागच्या मैदानात प्रुइटने स्वतःचा सायलेन्सर चढवून ती वाजवून दाखवली. खाडकन आवाज आला आणि हिल्मरचं तोंड उतरलं. सिनेमात नुसतं 'फुस' होतं.

"नळीचा आवाज दाबलाय," मेरिडिथ म्हणाली. "हा गोळीचा आहे. ती आवाजापेक्षा जोरात पळते, म्हणून हवेतच कडाडते. प्रुइटकाका, जड आणि सावकाश गोळी द्या."

या खेपेला दार आपटल्याएवढाच आवाज झाला. हिल्मरने उजवा कान चाचपला, आणि हसला. "पण सावकाश गोळी लांब पोचणार नाही."

"नाहीच," प्रुइट म्हणाला. "डुक्कर पार जवळ येऊ द्यावं लागेल."

"येऊ देईन की! आयुष्यभर दुसरं काय केलंय?"

जखमी रानडुक्कर जवळून अंगावर आलं तर काय करतं, हे मेरिडिथने पाहिलं होतं. म्हणून प्रुइटने सायलेन्सर सरकारदरबारी कुणाच्या नावावर नोंदवायचा असं विचारताच ती म्हणाली, "माझ्या एकटीच्या."

"मग पोरी, तू सोबत नसशील तेव्हा याला तो नेता येणार नाही. गुन्हा आहे तो. ट्रस्ट करा, सायलेन्सर त्याच्या मालकीचा ठेवा, त्यात दोघांची नावं घाला, दोघांच्या बोटांचे ठसे द्या. मग कुणीही न्या. पण काय ते आत्ता ठरवा. एकदा एका नावावर चढला की बदलायला सगळं पहिल्यापासून."

एवढं सगळं हिल्मरला अगदी स्वच्छ ऐकू आलं. "म्हणजे माझ्याच बागेत मी हिचं बोट धरून जायचं?"

"तुम्हाला अंगावर येणारं ऐकू येईल का, डॅडी?"

"संध्याकाळी चल. दाखवतो."

बंदूक गाडीतच ठेवून दोघं बागेतल्या मचाणावर बसली. ऊन कलल्यावर हिल्मरने बोट वर केलं. मेरिडिथला काहीच ऐकू येत नव्हतं. "माद्या आहेत, पिल्लं घेऊन," तो पुटपुटला आणि ओढ्याकडे बोट केलं. थोड्या वेळाने तिलाही घुरघुर ऐकू आली, पण ती पाठीमागच्या कुंपणाकडून. तिने त्याच्या खांद्याला हात लावून मान तिकडे वळवली. माद्या होत्या, पिल्लंही होती. त्याचं सगळं बरोबर होतं, दिशा तेवढी साफ चुकली होती. एका कानाला आवाज येतो, पण कुठून ते कळत नाही. मेरिडिथला हे पुस्तकातून ठाऊक होतं. हिल्मर डुकरांकडे बघत राहिला.

सोमवारी दुकानात शिरताच मेरिडिथ म्हणाली, "प्रुइटकाका, ट्रस्ट करा. दोघांची नावं."

प्रुइटने भुवया उंचावल्या. "शनिवारी तर एकटीचं म्हणत होतीस."

"डॅडी तो माझ्याशिवाय नेणारच. नाव नसलं तर चोरून नेतील, आणि म्हातारपणी तुरुंगात डबा मला पोचवावा लागेल."

"तुझ्या हातचा डबा?" हिल्मर म्हणाला. "त्यापेक्षा कायदा पाळीन." त्याने अंगठा पुढे केला. तो ठशाच्या काचेवर टेकवता टेकवता थांबला आणि मुलीकडे न बघता म्हणाला, "नाव आलं म्हणजे मी एकटा जाऊ शकतो ना?"

"कधीही."

"मग ऐक. मंजुरी आली की तू माझ्या डाव्या बाजूला बसायचं. आलेलं मी ऐकीन, कुठून ते तू सांगायचंस. नुसतं खांद्याला बोट लावायचं, तोंड उघडायचं नाही."

"आणि मला शिंक आली तर?"

"तर डुकरं पळतील. तेवढंच त्यांचं नशीब." त्याने अंगठा काचेवर दाबला.

"हलवू नकोस रे," प्रुइट ओरडला.

"ओरडतोस कशाला? मला ऐकू येतंय," हिल्मर म्हणाला.