वाचकाच्या खुर्चीचा चौथा पाय

खुर्ची बोलतेय म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं आधी मंत्रीच येणार. येऊ द्या. मी तसली नव्हे. माझ्यासाठी कधी कुणी दिल्लीला हेलपाटे घातले नाहीत. मी कण्णूरकडच्या एका विडी कारखान्यातली, पेपर वाचणाऱ्याची खुर्ची. आता एका पडवीत पडून असते. अंगावर ऊन आलं की डुलकी लागते, आणि डुलकीत जे दिसतं ते सांगते. थोडं पुढंमागं होईल, सांभाळून घ्या.

कारखान्यामागं फणसाचं झाड होतं. एका वादळात ते आडवं झालं आणि केळू सुतारानं त्यातून मला घडवलं. पाय मुद्दाम उंच ठेवले. खाली जमिनीवर चाळीस माणसं मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायची, आणि आवाज शेवटच्या ओळीपर्यंत जायला हवा होता.

आमच्याकडची रीत अशी, की सगळे वळतात पण एकजण वळत नाही. तो वाचतो. सकाळी पेपर, दुपारी पुस्तक. त्याची मजुरी बुडू नये म्हणून बाकीचे आपापल्या सुपातल्या पाच-पाच विड्या त्याच्या सुपात टाकतात. असा ओतेनन माझ्यावर वर्षानुवर्षं बसला. अंगानं काडी, पण आवाज म्हणजे देवळातली घंटा.

रोज पहिल्या पाच विड्या पडायच्या त्या रैरूच्या. तो माझ्या अगदी समोर बसायचा. त्याच्याइतकी चपळ बोटं अख्ख्या गावात नव्हती, पण अक्षरांशी त्याचं कधी जमलं नाही. सही करायची म्हटली तरी बिचाऱ्याला घाम फुटायचा. ओतेननच्या तोंडून जेवढं जग येईल तेवढंच त्याचं. पोरवयापासूनचे जिवलग ते, एकाच्या घरी तारली मासळी शिजली की दुसऱ्याच्या ताटात जायचीच.

त्या आवाजात मी काय काय पाहिलं म्हणून सांगू! कैरो, काँगो, हनोई. मॉस्कोत म्हणे बर्फ पडतो. फणसाच्या लाकडानं बर्फ कुठला पाहिलाय? मला वाटायचं, कापूस पिंजताना उडतो तसं काहीतरी असेल. आणि चीनचं पेकिंग मला नदीपल्याडचंच गाव वाटायचं. संध्याकाळच्या होडीनं जावं आणि दिवेलागणीला परत यावं, इतकं जवळचं.

बासष्ट साली तो बर्फ आमच्या कारखान्यात शिरला. हिमालयात चीनशी लढाई जुंपली. ओतेनन म्हणाला, चीन आपल्यासारखाच लाल असला म्हणून काय झालं, आपल्या दारात आलाय, तर चुकला म्हणायलाच हवं. रैरू म्हणाला, हद्दीचं भांडण बसून मिटवावं, गरिबाच्या पोरानं गरिबाच्या पोरावर गोळी का झाडायची? दोघंही मनापासून बोलत होते. पण तेव्हा असं बोलणाऱ्यांना पोलीस उचलत होते. रैरूलाही नेलं. तेरा महिने तो तुरुंगात होता.

तो परतला, आणि वर्ष सरायच्या आत आमच्या कम्युनिस्ट पक्षाचे दोन पक्ष झाले. झेंडा दोघांचाही लाल. ओतेनन एकीकडे, रैरू दुसरीकडे. पेपरही दोन झाले. चात्तूदादा म्हणून एक म्हातारे होते, त्यांनी तोड काढली, की अर्धा तास हा पेपर वाचायचा, अर्धा तास तो. तसं चाललं काही वर्षं. एकाचा पेपर सुरू झाला की दुसऱ्याला हटकून खोकला यायचा, एवढंच.

दरम्यान एका पावसाळ्यात वाळवीनं माझा चौथा पाय बोटभर खाल्ला. मी डुगडुगायला लागले. ओतेनननं हाताला लागला तो पेपर घेतला, चार घड्या केल्या आणि पायाखाली सारला. कुठला पेपर ते पाहिलं नाही. उभ्या आयुष्यात त्यानं न वाचता ठेवलेला तो एकच पेपर असावा.

मग एकाहत्तरची लोकसभा आली. आमच्याकडं दोन्ही लाल पक्ष समोरासमोर उभे. दोघांच्याही निशाणीत विळा! ओतेननच्या बाजूचे म्हणायचे, दिल्लीचं सरकार रशियाशी जुळवून घेतंय, अमेरिकेपुढं वाकत नाही, अशा वेळी त्याला हात द्यायला हवा. रैरूच्या बाजूचे म्हणायचे, बाहेर कुणाशी दोस्ती आहे त्यावर आमची चूल पेटत नाही, आणि याच दिल्लीनं आम्हाला आत टाकलं होतं. मॉस्कोला शिंक आली की तुम्ही नाक पुसता, असं हे म्हणत. तुम्ही नातवाचं नाव ठेवायलाही पेकिंगला पत्र धाडाल, असं ते म्हणत. खरं तर पेकिंग तेव्हा रैरूच्या पक्षालाही शिव्या घालत होतं. पण टोमण्याला कुठं खातरजमा लागते?

अशाच एका सकाळी रैरूची पानं कापायची कात्री खाली पडली. ती उचलायला तो वाकला आणि वाकलेलाच राहिला. वाचता येत नव्हतं, पण आपल्या पेपरचं नाव तो सख्ख्या माणसाच्या तोंडासारखं ओळखायचा.

"ओतेनना, आमचा पेपर पायाखाली घालून तुमचा वाचतोस होय?"

ओतेनननं खाली पाहिलं. त्याचा चेहराच उतरला. "नाही रे. हाताला लागला तो घातला. बघितलंच नाही."

"तुझ्या हाताला आमचाच बरा लागतो. मला धरून नेलं तेव्हा ती बातमीही म्हणे तू अशीच खणखणीत वाचलीस. 'चीनचा हस्तक पकडला.' एक शब्द गाळला नाहीस."

"कसा गाळू? तुझ्यासाठी एक गाळला असता, तर दुसऱ्या दिवशी माझ्या वाचण्यावर कुणी विश्वास ठेवला असता?"

रैरूनं घडी ओढून काढली, धूळ झटकली आणि कमरेला खोचली. मी कलंडले. ओतेनन पडता पडता वाचला.

त्या दुपारी रैरूच्या पाच विड्या पडल्या नाहीत. त्याचं बघून निम्म्या कारखान्यानं हात आखडला. अर्ध्या सुपावर घर कसं चालणार? ओतेनन उतरला आणि शेवटच्या ओळीत वळायला बसला. सोळा वर्षांत बोटं विसरली होती. त्याच्या विड्या कारल्यासारख्या वाकड्या निघायच्या, आणि कुणी हसत नव्हतं.

कारखाना बहिराच झाला जणू. चात्तूदादांनी वाचून पाहिलं, पण एक ओळ संपेस्तोवर लोकांच्या दहा-दहा विड्या व्हायच्या. शेवटी त्यांनीच पेपर ठेवून दिला. मी रिकामी, एका अंगाला झुकलेली. डुलकीतसुद्धा मला पेकिंग दिसेना, मॉस्को दिसेना, नुसती कात्र्यांची कचकच. सगळ्यांत जास्त हाल रैरूचे झाले. रस्त्यावरून प्रचाराच्या जीपा ओरडत जायच्या. प्रत्येक जीप जिंकत होती. खरं काय, ते त्याला सांगणारं तोंड त्यानंच बंद केलं होतं.

मतदान झालं. मतमोजणी झाली. रैरूचा पक्ष पडला, ओतेननचा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रैरू सगळ्यांच्या आधी आला. हातात त्याचा पेपर. ओतेनन आल्यावर त्यानं तो माझ्यावर ठेवला.

"वाच."

"रैरू, आज यात काय असणार..."

"फटाके ऐकलेत मी. पण किती मतांनी पडलो, का पडलो, ते फटाके सांगत नाहीत. मला तुझ्याकडनं ऐकायचंय."

ओतेनन चढला. मी डुगडुगले, तशी रैरूनं माझी पाठ घट्ट धरली. ओतेनन हळू आवाजात वाचू लागला, मयताच्या घरी बोलतात तसं.

"कुजबुजू नकोस," रैरू म्हणाला. "माझी अटक वाचली होतीस, तसं वाच."

मग ती घंटा वाजली. आकडे वाचले. चुका वाचल्या. पुढं त्याच पेपरात ओतेननच्या पक्षाला फितूर म्हटलं होतं, तेही त्यानं तितक्याच मोठ्यानं वाचलं, एक अक्षर न गाळता.

वाचून झाल्यावर रैरूनं त्याच्या हातातून तो पेपर घेतला, चार घड्या केल्या, वाकला आणि माझ्या पायाखाली सारला.

मागून कुणीतरी म्हणालं, "रैरूदादा, अहो, आपला पेपर आहे तो."

"आपलाच आहे," रैरू म्हणाला. "वाचणारा पडायला नको." आणि जागेवर जाऊन त्यानं पाच विड्या मोजून ओतेननच्या सुपात टाकल्या.

मतं कुणाचीच बदलली नाहीत हं. पुढच्या प्रत्येक निवडणुकीला ते दोघं तावातावानं भांडले, मी साक्षीला आहे.

आता ओतेनन नाही, रैरू नाही, कारखान्याला कुलूप आहे. मी रैरूच्या लेकीच्या पडवीत असते. माझ्यावर बसून आता कोणी वाचत नाही, त्याबद्दल तक्रार नाही. पण ओणमच्या आधी झाडलोट करताना कुणी माझ्या पायाखालची ती पिवळी घडी कचरा म्हणून उपसायला आलं, की माझा जीव वरखाली होतो. तेवढी राहू द्या, बाई. न जाणो, कुणी वाचायला बसलंच तर.