हाडातला खुंटा

मित्रांनो, आधी माझ्याकडे नीट बघा आणि मग काय हसायचं ते हसा. बटणांच्या या डबीत, अगदी तळाशी, एक करडं, भोकंभोकं पाडलेलं पातं दिसतंय ना? ते बटण नाही, हूक नाही, शिलाई मशीनचा सुटा भाग तर मुळीच नाही. तो मी. मी दाताचा खुंटा आहे, फार जुन्या घडणीचा. माणसाचे दात पडले की त्या जागी खोटे दात जबड्याच्या हाडातच पक्के रोवायचे, यासाठी सुरुवातीला जी काही धडपड झाली, तिच्यातला मी एक. आज माझ्यासारखे कोणी बनवत नाही. आणि बनवत नाही तेच बरं, असं माझं स्वतःचं मत आहे.

टायटॅनियमच्या पातळ पत्र्यातून मला कापून काढलं. कारागिरानं बारीक कानशीनं माझ्या कडा घासल्या, पोटाला भोकं पाडली आणि वर एक ठेंगणी मान तेवढी ठेवली. या मानेवर दात बसायचे होते. "भोकांतून हाड वाढत जाणार, आरपार," असं तो काम बघायला येणाऱ्याला मोठ्या कौतुकानं सांगायचा, "मग कोणाची बिशाद आहे याला उपटायची!" ते ऐकून मी फुलून जायचो. कोणीतरी आपल्या पोटातून वाढणार, आपल्याला घट्ट धरणार, जन्मभर सोडणार नाही. पत्र्याच्या तुकड्याला याहून मोठं भाग्य ते कोणतं?

मी ज्यांच्या नशिबी आलो, त्या शिवणकाम करायच्या. रस्त्याला लागून एक छोटं दुकान होतं, पुढे काच, आत दोन मशीन आणि कपडे टांगायला लांब दांडी. दुकान दोघी मिळून चालवायच्या, नणंद आणि भावजय. नणंद कापायची आणि मशीनवर बसायची. भावजयीकडे हातकाम असायचं, म्हणजे काजं, बटणं, खालच्या घड्या, अस्तरं. नणंद त्यांना वहिनी म्हणायची, म्हणून मीही वहिनीच म्हणतो.

वहिनींचे खालचे समोरचे चार दात हिरड्यांच्या दुखण्यानं गेले होते. काढघाल करायची कवळी त्यांनी बसवून पाहिली, पण खालच्या जबड्यात ती काही केल्या ठरेना. बोलताना वर यायची, खोकला आला की थेट शिवणावर पडायची. शेवटी वहिनींनी ती रागानं फडताळात टाकली आणि तोंडावर हात धरून बोलायला लागल्या. पुढेपुढे तर बोलणंच टाकलं. आता या दोघींचं दुकान म्हणजे कात्रीपेक्षा जिभा जास्त चालायच्या. गिऱ्हाईक बाहेर पडलं रे पडलं की नणंद त्याची नक्कल करणार आणि वहिनी हसून हसून सुई हरवणार, असा तिथला शिरस्ता. तो बंद पडला. नणंद म्हणायची, "वहिनी, तू गप्प बसलीस की मला दुकान खायला उठतं गं."

तिनंच वहिनींना ओढत डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते, हौशी होते, नवी पद्धत नुकतीच शिकून आले होते. त्यांनी एक्स-रे उजेडाला धरून पाहिला आणि त्यांचा चेहरा जरा उतरला.

"बाई, स्पष्ट सांगतो," ते म्हणाले. "हाड फार थोडं उरलंय. एकदाच बसवता येईल. हा खुंटा सुटला, तर असलेलं हाडही घेऊन जाईल. मग परत काही रोवायला जागा नाही, आणि कवळीला तर आत्ताच आधार नाहीये."

वहिनींनी तोंडावरचा हात न काढता विचारलं, "पण बसला तर मला हसता येईल?"

"खळखळून."

"मग बसवा," वहिनी म्हणाल्या.

मित्रांनो, तेव्हा मी शेजारच्याच ट्रेमध्ये, उकळून निघून, कापसावर पडलेलो होतो. बाई आपलं सगळं काही या एका पत्र्यावर लावतेय, हे मी ऐकलं. माझ्यासारख्यावर!

डॉक्टरांनी हाडात एक अरुंद चर पाडला, मला त्यात उभं केलं आणि छोट्या हातोडीनं ठोकलं. वहिनींची बोटं खुर्चीच्या हातांवर आवळलेली होती. तेव्हापासून मला सगळं हाडातूनच ऐकू यायला लागलं. वहिनींचा आवाज, त्यांचं गिळणं, मशीनची घरघर, नणंदेचे टोमणे. जखम भरत आली आणि डॉक्टरांनी माझ्या मानेवर चार पांढरेशुभ्र दात चढवले. त्या काळी असंच करत. हाडाला परक्या धातूशी ओळख करून घ्यायला काही महिने निवांतपणा लागतो, त्याच्या डोक्यावर लगेच ओझं द्यायचं नसतं, ही अक्कल जगाला पुढे आली. डॉक्टरांनी दात चिमटीत धरून मागेपुढे केले आणि हसत म्हणाले, "खुंटा हलवून बळकट केलेला बरा!" अहो, जमिनीतला खुंटा हलवून बळकट होतो. हाडातला हलवला की हाड मागे सरतं. पण हे मी त्यांना सांगणार कसा?

मग त्यांनी पथ्य सांगितलं. अक्रोड नाही, भाजलेले दाणे नाहीत, सफरचंद चिरून खायचं, पावाची कड काढून टाकायची. "कडक काही चावायचं नाही, बाई. एवढं पाळलंत तर जन्माची सोबत."

वहिनींनी ते पथ्य जे पाळलं, त्याला तोड नाही. पाव दुधात बुडवून, बटाटा कुस्करून, सफरचंद वाफवून. नणंद चिडवायची, "वहिनी, पाळण्यातल्या बाळाचं जेवण जेवतेयस, आता दुपटी शिवायला घेऊ का?" यावर वहिनी हसल्या. तोंडावर हात न धरता हसल्या. ते हसू माझ्या अंगातून गेलं तेव्हा मी धातू असून थरथरलो. माझ्या आयुष्यातला तो सर्वात चांगला दिवस. डॉक्टरांनी त्यांना इतर डॉक्टरांच्या बैठकीतही नेलं, "हसा बाई," म्हणाले, आणि सगळ्यांनी वाकून वाकून माझी करामत पाहिली. माझी स्तुती चालली होती आणि हाड खरंच माझ्या भोकांच्या तोंडाशी आलं होतं, घाबरत घाबरत, नव्या शेजाऱ्याच्या दारात यावं तसं.

आणि मग वहिनी कामाला बसल्या.

बटण लावून झालं, गाठ मारली, वहिनी पुढे वाकल्या, दोरा समोरच्या दातांत धरला, मान एका बाजूला झटकली. कट्ट. दोरा तुटला. हाताशी कात्री होती, पण कात्री उचलायला हात रिकामा कुठे असतो? एका हातात कापड, एका हातात सुई. लहानपणी ज्या बाईकडे त्या शिवण शिकल्या, तीही असाच दोरा तोडायची आणि तिला शिकवणारीही. पापणी लवते हे जसं आपल्याला कळत नाही, तसं वहिनींना हे कळतही नव्हतं. पुढचं बटण, पुढची गाठ, पुढचा झटका. प्रत्येक झटक्याला मी आडवा ओढला जायचो. हाडाचा जो कोवळा धागा माझ्याकडे आलेला असे, तो तुटायचा.

मी काय करणार? मला ना हात, ना आवाज. मनातल्या मनात ओरडायचो, वहिनी, पावाच्या कडेला घाबरता आणि हे काय करता? त्या इतक्या सांभाळून घास गिळायच्या की मला भरून यायचं. आणि पाण्याचा घोट घेऊन सुईला हात घातला की पुन्हा तेच. दाराला कुलूप आणि खिडकी सताड उघडी! माझ्याभोवती हाड येईना. त्याच्याऐवजी एक मऊ, लिबलिबीत आवरण जमत गेलं आणि मी त्यात डुलायला लागलो.

वहिनींना ठणका लागला. आधी अधूनमधून, मग रोज. पण त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर डॉक्टर काढून टाकतील, ही धास्ती. दुखतं म्हणजे आपलंच काहीतरी कडक खाण्यात आलं असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि बटाटाही सोडला, नुसत्या पेजेवर आल्या. नणंद म्हणाली, "अगं, वाळून काटकी झालीस. काही होतंय का?"

"काही नाही गं. पथ्य आहे," वहिनी म्हणाल्या. त्यांची जीभ तेव्हा माझ्या मुळाशी, सुजलेल्या हिरडीवर टेकलेली होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. त्यांना सोसवत नव्हतं आणि मला सांगता येत नव्हतं.

शेवटी गाल सुजला, तेव्हा लपवायला काही उरलं नाही. नणंदेनं दुकान बंद केलं आणि त्यांना डॉक्टरांकडे आणलं. डॉक्टरांनी आत पाहिलं, भुवया जवळ आल्या.

"काय खाल्लंत? खरं सांगा."

"पेज," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "डॉक्टर, शप्पत, दाणा तोंडात घातला नाही."

"अहो, हिनं माझ्यासमोर पावाची कड कबुतरांना घातलीय," नणंद म्हणाली. "ही खोटं नाही बोलत."

डॉक्टर बुचकळ्यात पडले. औषध लिहायला टेबलाशी वाकले, तेव्हा त्यांच्या पांढऱ्या कोटाचं बटण शेवटच्या धाग्यावर लोंबत होतं. वहिनींना ते दिसलं, आणि लोंबतं बटण दिसल्यावर त्यांना गप्प बसवेना. गाल सुजलेला, जीव घाबरा, तरी त्यांनी कॉलरला खोचलेली सुई काढली. "थांबा डॉक्टर, हलू नका." चार टाके, दोऱ्याचे वेढे, गाठ. त्या पुढे वाकल्या. मी जीव मुठीत धरला, म्हणजे मूठ असती तर धरला असता.

कट्ट.

डॉक्टर जागच्या जागी थिजले. "बाई, हे आत्ता काय केलंत?"

"बटण लावलं."

"नाही. दोरा कशानं तोडलात?"

वहिनींचा हात हळूहळू तोंडाकडे गेला.

"हे... तुम्ही नेहमी करता? दिवसातून किती वेळा?"

"श्वास किती वेळा घेतला ते कोण मोजतं, डॉक्टर?" वहिनी पुटपुटल्या. आणि मग अगदी लहान मुलीसारख्या म्हणाल्या, "तुम्ही खाण्याचं सांगितलंत. दोरा का खायची वस्तू आहे?"

डॉक्टर स्टुलावर बसले. नुकत्याच लावलेल्या बटणावरून बोट फिरवत राहिले. "मी विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "तुमचं काम काय, ते मला ठाऊक होतं. ते कसं करता, हे विचारायचं सुचलंच नाही."

खोटं कोणी बोललं नव्हतं. हयगय कोणी केली नव्हती. आणि तरी सगळं संपलं होतं. मला बसवताना हातोडी लागली होती, काढताना दोन बोटं पुरली. माझ्याबरोबर हाडाचा कीस निघाला आणि वहिनींनी तो बशीत पाहिला. "दुसरा?" असं त्यांनी विचारलं नाही. उत्तर त्यांना पहिल्याच दिवशी मिळालं होतं. त्यांनी फक्त मला मागून घेतलं.

नणंदेनं मला दुकानात आणून या डबीत टाकलं. फेकवत नव्हतं आणि ठेवायला दुसरी जागा नव्हती. दिवसभर डबीचं झाकण उघडं असतं, त्यामुळे मला दुकान दिसतं. वहिनींच्या गळ्यात आता फितीला अडकवलेली छोटी कात्री असते, नणंदेनंच बांधून दिलेली. दोरा तोडायला दातच नाहीत तिथे आता ती कात्री काय वाचवणार? गिऱ्हाईक वहिनींना दोनदा "काय म्हणालात?" विचारतं आणि तिसऱ्यांदा नणंदेकडे वळतं. नणंद अजून नकला करते, मुद्दाम जास्तच करते. वहिनी हसतातही, पण तळहाताआड, आवाज न करता.

मित्रांनो, हाडाला निवांतपणा द्या, पथ्य पाळा, दुखलं तर त्याच दिवशी सांगा. हे सगळं तुम्हाला डॉक्टर सांगतील. आजचे डॉक्टर माझ्या काळापेक्षा खूप शहाणे झालेत, नव्या खुंट्यांना महिनोन्‌महिने शांत निजू देतात. पण तुम्ही दिवसभर तोंडानं काय काय करता, पेन्सिल चावता, नखं कुरतडता, दातांनी बाटलीची बुचं काढता, ते त्यांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा. ते तुम्हाला क्षुल्लक वाटेल. वहिनींना तर ते क्षुल्लकही वाटलं नाही, कारण त्यांना ते दिसतच नव्हतं.

आणि माझं एक काम करा. काल संध्याकाळी नणंद वहिनींच्या शेजारी बसून एका झग्याला बटणं लावत होती. गाठ मारली, पुढे वाकली. कट्ट. वहिनींनी दचकून तिचा दंड धरला आणि गळ्यातली कात्री पुढे केली. नणंद हसली. म्हणाली, "अगं, तुझे खोटे होते, म्हणून हलले. माझे खरे आहेत, त्यांना काय होतंय?" तिच्या वरच्या दाताला दोऱ्यानं बारीक खाच पडली आहे, मला डबीतून स्पष्ट दिसते. वहिनींनी काहीतरी सांगितलं, पण तोवर नणंदेनं मशीन चालू केलं होतं आणि त्यांचे शब्द ओठांतच विरले.

मला तर तोंडच नाही. तुम्हाला आहे, मित्रांनो. या दुकानावरून गेलात तर क्षणभर आत या, आणि तिला तेवढं सांगा.