रापणीतला वाटा

पाहुण्यांनाही रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं, ओढायला मिळते, असं होमस्टेच्या जाहिरातीत वाचलं आणि गौरजाने लगेच खोली नक्की केली. दोन दिवस ती दहा महिन्यांच्या श्रियाला कडेवर घेऊन त्या झोपाळू वाडीत हिंडली. मालवणची रिक्षा परत गेली की इथे लाटांशिवाय आवाज नाही.

सव्वीस वर्षांपूर्वी याच वाळूत रापणीचा म्होरक्या असलेल्या श्रीपाद तांडेलाने तिच्या आईच्या, सुगंधाच्या, हातातून दोरी हिसकावली होती. "रांडमुंडेचो हात लागलो तर जाळा रिकामा येतला!" नवरा बुडून जेमतेम महिना झालेला, पदराला चार वर्षांची गौरजा. ओढणाऱ्या प्रत्येकाला मासळीचा वाटा, ही किनाऱ्याची रीत; ती सुगंधापुरती मोडली. कोल्हापुरात पोळ्या लाटता लाटता आई म्हातारी झाली, पण तेव्हा खाली गेलेली मान काही वर आली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी श्रीपाद स्वतःच हाका मारत होता. सत्तरी उलटली तरी आवाज तोच.

"येवा गो बाय, दोरी वडा! फोटो काढा!"

गौरजाने श्रियाला पाठीशी बांधलं आणि दोरी धरली. तळवे सोलले, तरी सोडली नाही. जाळं वर आलं ते बांगड्यांचा ढीग घेऊनच.

"पायगुण बरो हा गो तुझो! खंयची तू?"

"हंयचीच. सुगंधाचा चेडू."

त्याचं हसू विरलं. गौरजाने आवाज चढवला. "माझो घोव जावन पाच म्हयने झाले. मी पण रांडमुंडच. जाळा रिकामा इला काय, तांडेलानू?"

"बोल रे आता! वाचा बसली काय?" मासे निवडणारी आनंदीबाई खदखदली.

इथे नाव पुकारून वाटे घालतात. श्रीपादने भरलेली टोपलीच पुढे सरकवली. "घेवन जा गो. झाला ता झाला."

"टोपली नको माका. आवशीच्या नावान वाटो घाल. पुकारून."

त्याने सगळ्यांकडे पाहिलं. कुणीही नजर वळवली नाही.

"सुगंधा," तो पुटपुटला.

"आयकाक येवक नाय."

"सुगंधाचो वाटो!" त्याचा आवाज फाटला. श्रिया दचकून रडू लागली. गौरजा तिला थोपटत राहिली. एवढ्याने आपलं मन निवेल असं तिला वाटलं होतं. ते निवलं नाही. तिने सोललेल्या बोटांनी कोल्हापूरला फोन लावला आणि त्याच्या तोंडासमोर धरला.

"परत म्हण. आवस आयकता हा."