मारल्याशिवाय घर नाही

अकोल्याची कुसुम लग्न होऊन बुऱ्हाणपुरात आली आणि महिन्याभरात राज्यांची फेररचना झाली. माहेर मुंबई राज्यात गेलं, सासर मध्य प्रदेशातच राहिलं. पाहुण्यारावळ्यांनी यावरून तिची भरपूर थट्टा केली. तिला मात्र सरहद्दीची नव्हे, सासूबाईंची धास्ती होती. गावातल्या शनवारा भागातल्या मराठी शाळेत मास्तरीण हवी होती, कुसुम मॅट्रिक झालेली, आणि होय-नाही उद्याच कळवायचं होतं. नवरा श्रीकांत कचेरीत साहेबाशी भांडणारा, पण आईपुढे मूग गिळून बसणारा. "तूच विचार," म्हणून तो मोकळा झाला.

दुपारी जेवणं उरकल्यावर मथुराबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, सारीपाट मांडला.

"येते का खेळता?"

"नाही, आत्याबाई."

"मंग बस. शिकवते."

कवड्या टाकायच्या, उताण्या पडतील त्यावरून दान मोजायचं, सोंगटीला पटाचा फेरा घालून मधल्या घरात न्यायचं. वाटेत आपली सोंगटी दुसऱ्याच्या सोंगटीवर पडली की ती मेली, तिने पुन्हा पहिल्यापासून निघायचं. कुसुम हुशार, चटकन शिकली.

पण सासूला मारायचं कसं? दान नेमकं मथुराबाईंच्या सोंगटीवर न्यायचं आणि कुसुम आपली दुसरीच सोंगटी पुढे सरकवायची. संस्कार संस्कार म्हणतात ते हेच. चांगल्या डोळसाला आंधळं करतात. अखेर तिची एक सोंगटी घराच्या तोंडाशी आली आणि हवं तेच दान पडलं. हरखून तिने सोंगटी उचलली, तोच मथुराबाईंनी मनगट धरलं.

"नाही जात ती. एक बी सोंगटी मारली नाही तू. मारल्याबिगर घर नाही भेटत."

"हे आधी नाही सांगितलंत!"

"मारायच्या सोडून देशील, हे मला काय माहीत? पट मांडला का भीड-लिहाज नाही चालत, सूनबाई. टाक."

कुसुमला रडू यायचंच बाकी होतं. मग तिला रागही आला, सासूचा थोडा आणि स्वतःचा बराच. तिने कवड्या खुळखुळवून टाकल्या. चारचं दान. तिच्या मागच्या सोंगटीपासून चौथ्या चौकटीत मथुराबाईंची सोंगटी ऐटीत बसली होती. कुसुमने ती टणकन उडवली आणि त्याच दमात म्हणाली,

"आत्याबाई, मला शाळेत शिकवायला जायचंय. उद्या हो म्हणून सांगणार आहे."

मथुराबाईंनी मेलेल्या सोंगटीकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"अवं, एक मारायला सांगितलं, तू त दोन मारल्या!"

मथुराबाईंनी सोंगटी उचलून पुन्हा पहिल्या जागी ठेवली.

"शाळा कितीची?"

"अकराची."

"मंग उद्यापासून पट संध्याकाळी मांडू," मथुराबाई म्हणाल्या आणि कवड्या गोळा करू लागल्या.